पालथा हात

भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं गेलं, तेव्हाच थोरलीने ओळखलं की आज बैठक आपल्यावर बसणार आहे.

ती मागच्या खिडकीजवळ आपल्या उंच स्टुलावर बसली होती. समोर एक जुनं व्हायोलिन होतं आणि हातात वाकडी सळई. व्हायोलिनच्या आत, वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये, एक काडीएवढा लाकडी खांब उभा असतो. त्याला डिंक नाही की खिळा नाही, नुसता दाबावर तो उभा राहतो. तो पडला की वाद्याचा आवाजच बसतो. या दुकानात आजोबांपासून सगळे त्या खांबाला जीव म्हणत. पडलेला जीव पुन्हा उभा करायचा तो वाद्य न उघडता, छातीवरच्या वळणदार भोकातून सळई आत घालून, इवल्याशा आरशात बघत. वर्षानुवर्षं थोरली सळई धरायची आणि मधला भाऊ दिवा धरायचा. दोघांचं एरवी काडीचं पटत नसे, पण या कामाच्या वेळी दोघांचा श्वाससुद्धा एका तालात चालायचा.

आज मधल्याने दिव्याला हात लावला नव्हता. सकाळी दवाखान्यातून आल्यापासून तो तोंड फुगवून बसला होता. म्हणून दिवा चिमणीकडे आला होता. चिमणी म्हणजे त्याची मुलगी, दुकानाची पुढची पिढी, आणि अजून तरी जीव पाडण्यात पटाईत.

"जरा डावीकडे," थोरली म्हणाली. "माझ्या डोळ्यांत नको गं, भोकात."

"आत्या, बाबांनी शटर ओढलं."

"कळलं मला. मी पोटाने आजारी आहे, कानांनी नाही."

चिमणीला हसू आलं आणि दिवा हलला. आतला खांब टुणकन आडवा झाला. थोरलीने सळई बाहेर काढली, व्हायोलिन फडक्यावर ठेवलं आणि कमरेला हात लावून सावकाश उठली. पाठ दुखत होतीच. ही पाठ दुखते ती स्टुलामुळे, असं समजून तिने स्टूल बदललं होतं, गादी बदलली होती, चपला बदलल्या होत्या. शेवटी निघालं ते भलतंच. स्वादुपिंडाच्या शेपटीकडे गाठ होती, आणि ती कॅन्सरची होती.

दुकानाच्या मधोमध मोठं टेबल होतं. त्याच्याभोवती सगळे उभे होते. मधला होता. त्याची बायको, म्हणजे वहिनी, मखमलीचे तुकडे बाजूला सारत होती. वाद्यांच्या पेट्यांना आतून अस्तर लावायचं काम तिचं. आणि धाकटी बहीण शाळेतून थेट आली होती, हातावर खडूची पूड तशीच घेऊन. तिने दुकान सोडून भूगोल शिकवायला घेतला त्याला जमाना झाला होता, पण दुकान सोडलं तरी टेबलावरचा हात काही तिने सोडला नव्हता.

टेबलावरचा हात ही आजोबांची पद्धत. वाद्याची वरची फळी काढायची म्हणजे मोठं काम. एकदा उघडलेलं वाद्य पुन्हा पहिल्यासारखं बोलेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणून असं मोठं काम आलं की वाद्य टेबलाच्या मध्यावर ठेवायचं आणि दुकानातल्या प्रत्येकाने आपला हात त्याच्याभोवती ठेवायचा. पालथा हात म्हणजे काम करू. उताणा म्हणजे नको. एक जरी हात उताणा पडला तरी काम व्हायचं नाही. आणि वाद्याच्या मालकाला हात नसे, कारण मालक घाबरलेला असतो, असं आजोबा म्हणत.

आज टेबलाच्या मध्यावर वाद्य नव्हतं. तिथे थोरलीच्या स्कॅनचं मोठं पाकीट ठेवलेलं होतं. ते पाहून तिला राग आला.

"हे कुणी ठेवलं इथे?"

"मी," मधला म्हणाला. "बस, ताई. सरळच बोलतो. सकाळी त्या डॉक्टरीण बाईंनी जे सांगितलं ते मला पटलेलं नाही."

"ते तर तिथेच कळलं. खुर्ची ढकलून उठलास. तिला वाटलं तुला भोवळ आली."

"झालं तरी काय?" धाकटीने विचारलं. "मला कुणी नीट सांगणार आहे का? फोनवर नुसतं दुर्बीण दुर्बीण ऐकलं मी."

थोरलीने सांगितलं. डॉक्टरीण तशी तरुणच होती, पण गोड बोलून वेळ मारून नेणारी नव्हती. तिने स्वतःच्याच पोटावर बोट ठेवून दाखवलं होतं की इथे, इथे आणि इथे नखाएवढ्या चिरा. एकीतून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग गाठीसकट कापायचा, शेजारची प्लीहा त्याच्याबरोबर काढायची, सगळं आतल्या आत पिशवीत भरायचं आणि खालच्या एका जरा मोठ्या चिरेतून बाहेर घ्यायचं.

"आणि मोठी चीर देऊन केलं तर?" धाकटीने विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाली, आत काम तेवढंच होतं. गाठ तेवढीच निघते. दुर्बिणीने केलं म्हणून कॅन्सर जास्त घाबरतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. फक्त दुखतं कमी, माणूस लवकर उठतो, आणि पुढची केमो लांबत नाही. मला आवडलं तिचं बोलणं."

"ते सगळं ठीक," मधला म्हणाला. "मी मोठ्या डॉक्टरांशी बोललोय. ते पोट उघडून करतात. डोळ्यांनी बघतात, हाताने चाचपतात. पडद्यावर बघून, दांड्यांनी, लांबून लांबून... पोट आहे ते, खेळणं नाही."

इतका वेळ गप्प असलेल्या वहिनीने मखमल खाली ठेवली.

"अहो, गिऱ्हाईक व्हायोलिन उघडा म्हणालं तर त्याच्याशी भांडायला उठता तुम्ही. आणि आज बहीण उघडायला निघालात?"

"व्हायोलिनला दिवा मी धरतो!" मधला ओरडला.

मधल्याचे कान लाल झाले होते.

थोरलीला मग सकाळचा प्रकार उमगला. सगळं समजावून झाल्यावर डॉक्टरिणीने विचारलं होतं, काही शंका? आणि याने विचारलं होतं, दिवा कोण धरणार? दिवा म्हणजे? डॉक्टरीण म्हणाली. दिवा म्हणजे कॅमेरा हो, तो कुणाच्या हातात असणार? माझ्या सहायिकेच्या, ती म्हणाली. किती वर्षं धरतेय? याच वर्षी आलीय माझ्याकडे. झालं. तेवढ्यावर हा खुर्ची ढकलून उठला होता. बाहेरच्या गर्दीतून हा पुढे आणि ती पाठीवर हात धरून मागे, अशी दोघं दुकानापर्यंत चालत आली होती.

"एवढ्यासाठी?" तिने विचारलं. "कॅमेरा धरणारी नवी आहे, एवढ्यासाठी माझं पोट या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडायचं?"

"एवढंसं वाटतं तुला ते? तू आयुष्यभर जीव बसवलेस. एकदा तरी दिवा हलला का? आत्ता हिने हलवला तर काय झालं? पाहिलं मी इथून." चिमणीने मान खाली घातली. "दिवा हलला की सळई धरणारा कितीही शहाणा असो, आंधळाच. ती डॉक्टरीण हुशार असेल, मी नाही कुठे म्हणतो? पण तिला दाखवणारी ती कालची पोर."

तो मूर्खपणा करत होता, आणि त्या मूर्खपणात त्याचा सगळा जीव होता. ते थोरलीला कळलं, आणि कळल्यामुळे ती जास्तच चिडली. कारण प्रेमाशी भांडायचं म्हणजे हात बांधून भांडायचं.

"माझं वेगळंच म्हणणं आहे," धाकटी म्हणाली. वडिलांच्या आठवणीने तिचा आवाज आधीच ओला झाला होता. "मला मोठी चीर नको आणि छोटीपण नको. अण्णांचं काय झालं विसरलात? उघडलं, बघितलं, पसरलंय म्हणाले आणि तसंच शिवलं. त्या चिरेतून ते पुन्हा उठलेच नाहीत. ताई, तू माझ्याकडे चल. वरची खोली रिकामी आहे. आपण दोघी मजेत राहू. आहेत ते दिवस..."

"आहेत ते दिवस काय? तुझ्या गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालू?"

"अगं, मी प्रेमाने बोलतेय."

"माहितीये. आज जो तो प्रेमानेच बोलतोय." थोरली टेबलाजवळ एक स्टूल ओढून बसली. "नीट ऐक. आता पोट उघडून मग बघत नाहीत. आधी त्या छोट्या भोकातून आत डोकावणार. कुठे पसरलेलं दिसलं तर तिथेच थांबणार. नखाएवढ्या चिरा शिवून मला परत देणार तुमच्या ताब्यात. अण्णांना नुसतं बघण्यासाठी फाडलं होतं. माझं तसं नाही."

धाकटीने डोळे पुसले. खडूची पूड गालावर लागली.

"खरं?"

"तिला विचार हवं तर. आणि अजून एक सांगते, म्हणजे नंतर कुणी आकाशपाताळ एक करायला नको. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली निघाली तर ती पोट उघडणार. तसं आधीच बोलून ठेवलंय तिने. त्यात मला कमीपणा नाही, म्हणाली, हट्टाने दुर्बिणीतच अडकून बसले तर तो कमीपणा."

"बघा!" मधला म्हणाला. "शेवटी उघडायचंच, तर आधीच..."

"बाबा, पुरे," चिमणी पहिल्यांदाच बोलली. "तुम्हीच मला शिकवता ना, फळी काढायची ती सगळे उपाय संपल्यावर?"

"तू मध्ये बोलू नकोस. दिवा धरता येत नाही आणि..."

"तिला बोलू द्या," वहिनी म्हणाली.

मधल्याने हात टेकले. म्हणजे मनातून टेकले की काय ते देवालाच ठाऊक, पण त्याने टेबलावर दोन्ही पंजे आपटले आणि म्हणाला, "बोलणं बास. आजोबांची पद्धत आहे. हात ठेवा. दुर्बिणीतून करायचं का, एवढाच प्रश्न. पालथा म्हणजे हो, उताणा म्हणजे नाही."

आणि त्याने आपला उजवा हात पाकिटाशेजारी ठेवला, उताणा. त्या तळव्यावर वॉर्निशचे डाग होते, जन्माचे, कधीच न जाणारे.

चिमणीने हात ठेवला. पालथा. बापाकडे न बघता.

धाकटीने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि शेवटी टेबलावर कडेवर उभा ठेवला, ना पालथा ना उताणा.

"हे काय?" मधला म्हणाला.

"मला विचार करू दे."

"असा हात नसतो."

"माझा आहे."

थोरलीला हसू फुटणार होतं. पण तिने स्वतःचा हात पुढे केला तेव्हा मधला म्हणाला, "ताई, तुला नाही. तुला माहीत आहे. ज्याचं वाद्य, त्याला हात नाही."

तिचा हात हवेतच राहिला. ही पद्धत तिने आयुष्यभर पाळली होती आणि दुसऱ्यांना पाळायला लावली होती. किती मालकांना तिने दाराजवळच्या बाकावर गप्प बसवलं होतं! आज पहिल्यांदा तिला कळलं की त्या बाकावर बसून हे टेबल कसं दिसतं. सगळ्यांचे हात दिसतात आणि आपलं वाद्य दिसत नाही. अण्णांच्या वेळीही ही तिघं भावंडं अशीच हात ठेवून उभी होती, त्यात तिचा स्वतःचाही हात होता, आणि अण्णा आतल्या खोलीत जागे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात टेबलावर आणखी एक हात आला. सुईने टोचलेल्या बोटांचा, पालथा, घट्ट दाबलेला. तो हात वहिनीचा होता.

वहिनीला या टेबलावर हात नव्हता. ती लग्न होऊन आली तेव्हा थोरलीनेच ठणकावून सांगितलं होतं की पेटी म्हणजे वाद्य नव्हे. तेव्हापासून बैठक बसली की वहिनी चहा ठेवायला जायची. दोघींचं त्यावरून कधी भांडण झालं नाही, पण दोघींमध्ये त्यानंतर कधी मोकळं बोलणंही झालं नाही.

"तुझा कुठे हात असतो?" मधला चक्रावून म्हणाला.

"नसतो. पण ठेवलाय," वहिनी म्हणाली. "वन्संनी मला कधी ठेवू दिला नाही, आणि त्यांनाही आज तुम्ही ठेवू देत नाही. म्हटलं, निदान एक तरी चुकीचा हात पडू दे."

थोरलीचे डोळे भरून आले. तिने ते लपवले नाहीत.

"तरी माझा उताणाच आहे," मधला हट्टाने म्हणाला. "एक उताणा असला की काम होत नाही. ताई, तूच सांग, होतं का?"

"नाही होत."

"मग?"

थोरली उठली. तिने टेबलावरचं स्कॅनचं पाकीट उचललं आणि काखेत मारलं. टेबलाचा मध्य मोकळा झाला आणि भोवतीचे हात उगाच ठेवल्यासारखे दिसायला लागले.

"मग काही नाही. पद्धत चांगली आहे. मीही ती मोडू देणार नाही, वाद्यांसाठी. वाद्याला तोंड नसतं, म्हणून आपण त्याच्या वतीने हात ठेवतो. मला तोंड आहे. आणि ते किती आहे हे या घरात सगळ्यांना माहीत आहे."

तिने काखेतलं पाकीट आणखी घट्ट धरलं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "कुणाला वाटत असेल ही म्हातारी मोठी शूर, तर तसं नाही. सकाळी तिथून येताना रस्त्यात माझं अंग कापत होतं. पण मला जगायचंय. मला या स्टुलावर परत बसायचंय, हिला जीव बसवायला शिकवायचंय. त्यासाठी मला जी वाट बरी वाटते ती मी धरणार. तुम्ही बरोबर या, रुसून बसा, रडा, तुमची मर्जी. पण माझ्या पोटावर तुमचे हात नकोत."

तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. डॉक्टरिणीच्या मदतनिसाने उचलला. "मी सकाळची. हो, तीच, जिचा भाऊ उठून गेला ती. माझं ठरलंय. तारीख द्या." मग तिने थोडं ऐकून घेतलं. "हो, हो. ऑपरेशन चालू असताना बाहेर येऊन काही सांगायचं झालं तर एकाच माणसाशी बोलणार, सांगितलंय मला त्यांनी. घ्या ना लिहून. माझी वहिनी."

मधल्याने मान वर केली. त्याचा चेहरा कुणीतरी तोंडात मारल्यासारखा झाला होता. थोरलीला वाईट वाटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

फोन ठेवल्यावर वहिनी जवळ आली. "वन्सं, मला कशाला? त्या बाहेर येऊन म्हणाल्या, पोट उघडावं लागतंय, तर मी काय सांगू?"

"उघडा म्हणून सांग. हाताने काढा की दांडीने काढा, मला गाठ बाहेर हवी. चिरेचा मला मोह नाही गं. मला फक्त कुणीतरी न घाबरता हो म्हणणारं माणूस हवंय दाराबाहेर. ह्याला विचारलं तर हा आधी दिवा बघायला मागेल."

मधला शटर वर ढकलून बाहेर पडला. धाकटीचा हात अजून टेबलावर कडेवर उभा होता. तिने आपल्या त्या हाताकडे पाहिलं, आणि हळूच तो पालथा केला. आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी केला.

त्यानंतर ऑपरेशनच्या दिवसापर्यंत मधला थोरलीशी बोलला नाही. दुकानात यायचा, वॉर्निश लावायचा, जायचा. एका संध्याकाळी तो लवकर निघाला, आणि त्याच्या जाण्यानंतर चिमणीला कामाचा दिवा सापडेना. बसवायला ठेवलेलं ते जुनं व्हायोलिनही जागेवर नव्हतं. दुसऱ्या सकाळी दोन्ही जिथल्या तिथे होतं. थोरलीने विचारलं नाही. तिला तेव्हा दुसरंच सुचत होतं, पोट रिकामं ठेवायचं होतं आणि पिशवी भरायची होती.

ऑपरेशनच्या दिवशी ढकलगाडीवरून तिला आत नेलं. दाराबाहेर वहिनी ताठ बसली होती. तिच्या शेजारी चिमणी आणि धाकटी. मधला भिंतीला टेकून उभा होता, तोंड दुसरीकडे करून.

आत गार होतं. सगळे मास्क लावून होते, त्यामुळे कोण कोणाचं काही कळत नव्हतं. एक किडकिडीत मुलगी तिच्याजवळ वाकली.

"काकू, मी कॅमेरा धरणार आहे."

"तू होय ती?"

"हो. तुमचे भाऊ परवा आले होते. मी कँटीनमध्ये चहा घेत होते. माझ्यासमोर येऊन बसले आणि पिशवीतून दिवा काढला. आणि व्हायोलिन."

थोरलीने डोळे मिटले. "देवा."

"मला दिवा भोकात धरायला लावला. स्वतः वाकडी सळई घेऊन आत काहीतरी उभं करत होते. चहा गार झाला तरी सोडेनात. सगळं कँटीन आमच्याकडे बघत होतं. मी म्हटलं, काका, मला वॉर्डात जायचंय. तर म्हणाले, आधी हे उभं राहू दे."

"राहिलं?"

"चौथ्यांदा राहिलं. त्यांच्याकडून पडत होतं, माझा दिवा नाही हलला." मुलीचे डोळे मास्कवरून हसत होते. "जाताना म्हणाले, हात चांगला आहे. पण तू श्वास रोखतेस. श्वास रोखला की हात कापतो. जी आत काम करतेय तिच्याबरोबर श्वास घे."

मधला आयुष्यभर दिवा धरत आला होता, त्याने कधी सळई हातात घेतली नव्हती. तीनदा पाडून त्याने जीव बसवला होता, भर कँटीनमध्ये, लोकांसमोर. आणि तरीही बाहेर तोंड फिरवून उभा होता, गाढव.

डॉक्टरीण आली. हातमोजे घातलेले हात वर धरून ती टेबलाच्या बाजूला उभी राहिली. "तयार आहात ना? काही विचारायचंय?"

"काही नाही," थोरली म्हणाली. मग तिने चादरीखालून उजवा हात बाहेर काढला, त्या अरुंद टेबलाच्या कडेवर ठेवला, पालथा, आणि घट्ट दाबला.

"हं," ती म्हणाली. "करा सुरू."